यूएफडब्ल्यू : सर्व्हर लुटला गेल्यानंतरचे आठ महिने

आधी स्टार सांगून टाकतो: पाचपैकी तीन. ऑक्टोबरात विचारलं असतं तर शून्य दिला असता, फेब्रुवारीत चार. यूएफडब्ल्यू म्हणजे लिनक्स सर्व्हरवरची सोपी फायरवॉल, नको त्या जोडण्या दारात अडवणारी; बसवायचा कसा हे लिहीत बसत नाही. २००८ च्या ८.०४ आवृत्तीपासून तो उबंटू लिनक्सबरोबर येतो, त्यामुळे भाड्याचा सर्व्हर घेतलेल्या प्रत्येकाने एकदा तरी 'एनेबल' करून सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो. मीही टाकला होता. माझं भांडण त्या निःश्वासाशीच आहे.

माझा सर्व्हर म्हणजे काही बँक नव्हे. दोन कोअर, दोन जीबी रॅम, महिना सातशेच्या आसपास भाडं. त्यावर घरचे फोटो, माझी दोन-चार खेळणी आणि तासगावच्या मामांच्या द्राक्षबागेचा हिशेब: कुठलं औषध, किती लिटर, मजुरी कुणाला किती दिली. ऑक्टोबर छाटणी होऊन डाऊनी या बुरशीरोगाच्या फवारण्या सुरू झाल्या होत्या, तेव्हा मामांचा फोन आला.

"अरं, तुझं ते हिशेबाचं नुसतं गोल गोल फिरतंय. दुकानदार म्होरं उभा हाय."

लॉगिन व्हायलाच मिनिटभर लागलं. काय काय चालू आहे ते दाखवणारा एचटॉप लावला तर दोन्ही कोअर लालेलाल आणि सगळ्यात वर एक प्रोसेस: केडेव्हटीएमपीएफएसआय. मी पहिली वीस मिनिटं वाया घालवली ती हे लिनक्सचंच काहीतरी असेल या समजुतीने. कारण कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, केडेव्हटीएमपीएफएस नावाची खरी प्रोसेस असते. चोराने शेवटी फक्त एक 'आय' चिकटवलेला. मारली की मिनिटाभरात पुन्हा हजर, कारण तिला उठवणारी दुसरी एक होती, किन्सिंग नावाची. हे दोघं मिळून माझ्या विजेवर, म्हणजे माझ्या भाड्यावर, कुणासाठी तरी मोनेरो हे आभासी चलन खणत होते. युजरच्या रकान्यात नाव नाही, नुसता आकडा: ९९९. तिथे मात्र डोक्यात उजेड पडला. पोस्टग्रेस हा माझा डेटाबेस डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंद डब्यात, चालतो आणि त्यातला युजर ९९९ आहे.

आता मुख्य तक्रार. त्याही क्षणी मी 'यूएफडब्ल्यू स्टेटस व्हर्बोज' मारून पाहिलं. उत्तर आलं: ॲक्टिव्ह. डिफॉल्ट डिनाय इनकमिंग, म्हणजे सांगितलं नसेल ते बाहेरून येणारं सगळं बंद. उघडी पोर्ट्स, म्हणजे दारं, फक्त २२ (दुरून लॉगिनचं एसएसएच), ८०, ४४३ (वेब). पोस्टग्रेसच्या ५४३२ चा उल्लेखसुद्धा नाही. आणि मोबाइल डेटावरून पाहिलं तर ५४३२ सताड उघडं.

झालं होतं असं: डेटाबेसमध्ये काय आहे ते लॅपटॉपवरून बघता यावं म्हणून मी कंपोजच्या, म्हणजे डॉकरने कंटेनर कसे चालवायचे ते सांगणाऱ्या, फाइलमध्ये '५४३२:५४३२' ही ओळ टाकली होती. पासवर्ड, लाज वाटते पण सांगतो, 'पोस्टग्रेस'. यूएफडब्ल्यूने सगळं बंद केलंय, मग पासवर्डाचं काय एवढं, असा हिशेब. पण 'डिनाय इनकमिंग' लागू होतं ते इनपुटच्या साखळीवर, म्हणजे खुद्द मशीनसाठी आलेल्या पॅकेटांच्या नियमांवर. डॉकर त्याच्या आधीच, नॅटच्या टप्प्यावर, पॅकेटचा पत्ता बदलून त्याला फॉरवर्डच्या वाटेला लावतो आणि तिथे आपलेच नियम पुढे घुसवून ठेवतो. इनपुटच्या वाटेला ते पॅकेट जातच नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टर घेऊन बसलाय आणि मागच्या पार्किंगमधून टेम्पो आत-बाहेर करतोय, असा प्रकार. वॉचमनला विचाराल तर तो खरंच सांगेल, "साहेब, कुणी आलं नाही."

पोस्टग्रेसमध्ये सुपरयुजर म्हणून शिरलं की 'कॉपी फ्रॉम प्रोग्रॅम' वापरून सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता येते. ही सोय ९.३ पासूनची आहे, भोक नव्हे. माझ्या डेटाबेसमध्ये अक्षरांची खिचडी असावी तशा नावाचं एक रिकामं टेबल सापडलं. पाहुण्यांनी सोडलेली चप्पल.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर देणाऱ्या कंपनीची मेल: तुमच्या मशीनवरून इतर मशीनची पोर्ट्स चाचपली जात आहेत, २४ तासांत खुलासा करा. खुलासा लिहायला बसलो तोवर नेटवर्क तोडलंसुद्धा. पुढचे चार दिवस सपोर्टशी पत्रव्यवहार. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी तेच उत्तर, आणि शेवटी दोनदा "तुम्ही मॅनेज्ड प्लॅन घ्या", म्हणजे भाड्याच्या चौपट. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांच्यावर आणखी येतो, जरा थांबा.

साफ करत बसलो नाही. डेटा काढून घेतला, त्यात ते खिचडी-टेबल आणि अनोळखी रोल (डेटाबेसचे युजर) नाहीत ना हे तपासून बाजूला ठेवला, आणि मशीन पुसून उबंटू २४.०४ नव्याने चढवलं. हे करायला मन होत नाही, पण एकदा कुणी आत येऊन गेलं की कुठल्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) काय पेरलंय यावर पैज कोण लावणार?

नव्या मशीनवर पासवर्डने लॉगिन बंद, फक्त की, म्हणजे किल्लीची फाइल. इथेही तोच अनुभव. एसएसएचच्या मुख्य फाइलमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन नो' लिहिलं, सेवा पुन्हा सुरू केली, खात्री म्हणून बायकोच्या लॅपटॉपवरून जोडून पाहिलं, तर शांतपणे पासवर्ड विचारतोय! मशीन पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग लावणाऱ्या क्लाउड-इनिटने त्याच्या स्वतःच्या छोट्या फाइलमध्ये 'येस' लिहून ठेवलेलं, ती फाइल आधी वाचली जाते, आणि एसएसएचमध्ये पहिली सापडलेली किंमत चालते. 'एसएसएचडी -टी' (टी मोठ्या लिपीतला) मारलं की प्रत्यक्षात काय लागू आहे ते छापून येतं. निदान ही सोय तरी एसएसएचने दिलीय.

फेल-टू-बॅनबद्दल (लॉगिन पुन्हा पुन्हा चुकवणाऱ्याचा पत्ता अडवणारा) थोडक्यात: बसवा, पण त्याच्या जिवावर झोपू नका. की सक्तीची केली की तो मुख्यतः लॉगमधला गोंगाट कमी करतो. मूळ सेटिंग दहा मिनिटांत पाच चुका, दहा मिनिटं हद्दपारी. माझ्या घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवरची बॅकअप स्क्रिप्ट जुन्याच युजरनेमने दार ठोठावत राहिली आणि आमचं अख्खं घर हद्दपार झालं. फोनच्या हॉटस्पॉटवरून आत शिरून स्वतःला माफी दिली.

आता चार स्टारांची गोष्ट. फेब्रुवारीत राग शांत झाल्यावर डॉकरचं माहितीपत्रक नीट वाचलं. त्यात सरळ लिहिलंय की डॉकर आणि यूएफडब्ल्यू एकमेकांशी जुळत नाहीत. लपवलेलं काहीच नाही. शिवाय उपाय हास्यास्पद सोपा: पोर्टच्या आधी '१२७.०.०.१:' लिहायचं, की ते मशीनच्या आतच राहतं. लॅपटॉपवरून बघायचं असेल तर एसएसएचचा बोगदा. डॉकरचे आयपीटेबल्स, म्हणजे तो घुसवतो ते नियम, बंद करण्याचा सल्लाही काहीजण देतात. मी केला, कंटेनरचं इंटरनेट गेलं, तासाभरात परत चालू केलं. तर म्हटलं, चूक आपली, शिक्षा यूएफडब्ल्यूला का? गुणपत्रिका सुधारून चार केले.

मे महिन्यात परत एक खाली. फोटोंसाठी नवीन कंटेनर आणला, कंपोजची नमुना फाइल जशीच्या तशी चिकटवली, आणि अर्थातच '१२७' विसरलो. सात महिने घसा कोरडा करून लोकांना सांगणारा मी! यूएफडब्ल्यूला विचारलं तर उत्तर तेच: डिनाय इनकमिंग. हा माणूस बदलत नाही. कुठली साखळी काय करते हा तांत्रिक बचाव मला मान्य आहे, पण 'स्टेटस' नावाच्या कमांडने मला स्टेटस सांगावं एवढीच अपेक्षा आहे. डॉकरची साखळी दिसतेय तर खाली एक इशाऱ्याची ओळ छापायला काय जातं?

आणि या वेळी भोक सापडलं ते निव्वळ एका सवयीमुळे. दर महिन्याच्या एक तारखेला फोनवरच्या टर्मक्स या टर्मिनल ॲपमधून, वायफाय बंद करून, मी स्वतःच्या सर्व्हरवर उघडी पोर्ट्स शोधणारा एनमॅप चालवतो. नुसता चालवला तर तो नेहमीची हजार पोर्ट्सच बघतो, म्हणून '-पी-' लावून सगळी ६५,५३५. होईपर्यंत चहा होतो.

त्याच दिवशी वैतागून कंपनीच्या पॅनेलमध्ये भटकत होतो. 'नेटवर्किंग'च्या आत, तिसऱ्या टॅबमध्ये, फायरवॉल. त्यांची स्वतःची, मशीनच्या बाहेर अडवणारी, डॉकरने आत कितीही उड्या मारल्या तरी फरक न पडणारी. आणि फुकट! पहिल्या दिवसापासून तिथे होती. चार दिवसांच्या पत्रव्यवहारात मॅनेज्ड प्लॅन दोनदा सुचवणाऱ्यांना ही एकदाही आठवली नाही. पाच मिनिटांत तीन नियम टाकले.

मग यूएफडब्ल्यू काढावा का? काढला नाही. पैसे लागत नाहीत, रॅम जाणवण्याइतकी खात नाही, आणि एसएसएचवर त्याचा 'लिमिट' मला आवडतो: तीस सेकंदांत सहा वेळा दार वाजवणाऱ्याला तो परस्पर हाकलतो. शिवाय डॉकरबाहेरच्या सेवांसाठी तो आजही चोख आहे. डॉकर नसेल तर वरच्या तीनाचे साडेचार समजा.

या महिन्याची तपासणी तासगावला मामांच्या ओट्यावर बसून, त्यांच्याच हॉटस्पॉटवरून केली. २२, ८०, ४४३. बाकी सगळं मुकं. मामा पडद्याकडे बघत होते.

"झालं का तुझं? मग ते डिझेलचं येगळं पान टाक की आता."