साउंड कार्डचं इनपुट आणि घरचं रेकॉर्डिंग : ऑडिओ इंटरफेस काही महिने वापरल्यानंतर

आधी गिटार थेट लॅपटॉपला लावून रेकॉर्ड करत होतो. गेले काही महिने दोन चॅनेलचा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (वाद्याचा किंवा माइकचा आवाज कॉम्प्युटरला पोचवणारी छोटी पेटी) वापरतोय. त्याची सगळ्यात उपयोगी गोष्ट कोणती म्हणाल, तर गेनच्या (आत येणारा आवाज किती वाढवायचा ते ठरवणाऱ्या) नॉबशेजारचा छोटा दिवा. रेकॉर्डिंगमध्ये आवाज येत नसेल आणि तार छेडल्यावर तो हिरवा झाला, तर गिटार, केबल, जॅक सगळं शाबूत आहे आणि घोळ कॉम्प्युटरमध्ये आहे. नाही लागला, तर सेटिंग्ज उघडायचीच नाहीत, केबल बदलून बघायची. शोधाशोध तिथल्या तिथे निम्मी होते. लॅपटॉपच्या जॅकला ही सोय नाही, त्यामुळे आवाज नेमका कुठे अडकलाय हे कळतच नाही.

लॅपटॉप आणि इंटरफेसच्या आवाजातला फरक इम्पीडन्समुळे, म्हणजे इनपुटच्या विद्युत अडथळ्यामुळे पडतो. इलेक्ट्रिक गिटारच्या पॅसिव्ह पिकअपला (तारेचं कंपन टिपणाऱ्या, बॅटरी नसलेल्या भागाला) समोरचं इनपुट साधारण १ मेगाओहमचं लागतं; कॉम्प्युटरच्या साउंड कार्डचं माइक इनपुट काही किलोओहमचं असतं. पिकअपवर तेवढा भार आला की वरच्या फ्रिक्वेन्सी गळतात आणि गिटार घोंगडीखालून वाजल्यासारखी ऐकू येते. नंतर इक्वलायझरवर ट्रेबल कितीही चढवा, चमक येत नाही, खरखर तेवढी वाढते. अकूस्टिक गिटारला प्रीअँप (सिग्नल आधीच वाढवणारं सर्किट) नसलेला पिएझो पिकअप (दाबातून सिग्नल तयार करणारा) असेल तर उलट होतं : बेस जातो आणि नुसता चिरका आवाज उरतो. इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबलं की दोन्ही तक्रारी मिटतात. कीबोर्ड लावताना मात्र ते बटण आठवणीने बंद करायचं. कीबोर्डचं आउटपुट लाइन लेव्हलचं, म्हणजे गिटारपेक्षा जोरकस असतं, ते तसंच घेतलं तर जोरात वाजवल्यावर फाटतं. मी सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ डीबीच्या (शून्य ही आवाज फाटण्याची हद्द) आसपास ठेवतो. २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये आवाज एवढा खाली ठेवल्याने काही बिघडत नाही.

ज्यांना सध्या लॅपटॉपवरच भागवायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. हेडफोन आणि माइक दोन्हींसाठी एकच जॅक असेल, तर त्यात साधी तीन पट्ट्यांची स्टिरिओ पिन घालून रेकॉर्डिंग होणार नाही. त्या पिनेमुळे माइकची लाइन ग्राउंडला जाते आणि कॉम्प्युटरला माइक दिसतच नाही. हेडफोन आणि माइक वेगळे करणारा चार पट्ट्यांचा स्प्लिटर लागतो. डेस्कटॉपला सहसा तीन जॅक असतात : गुलाबी माइकचा, निळा लाइन इनचा, हिरवा आउटपुटचा.

दिवा लागतोय पण सॉफ्टवेअरमध्ये सगळं सपाट, असं झालं की मी आधी परवानगी बघतो. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप्सना मायक्रोफोनची परवानगी नसेल, तर कसलीही सूचना न येता शांतता रेकॉर्ड होते. मॅकवरही प्रत्येक अ‍ॅपला वेगळी परवानगी लागते. मग ट्रॅकचं इनपुट. गिटार पहिल्या इनपुटमध्ये आणि ट्रॅक स्टिरिओ असेल, तर आवाज एकाच कानात येतो. ट्रॅक मोनो करून इनपुट १ निवडायचं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते नॉइज सप्रेशनने, म्हणजे मागचा गोंगाट आपोआप कापणाऱ्या सोयीने. शेवटची कॉर्ड वाजवून हात उचलायचो. सूर हळूहळू विरायच्या ऐवजी मध्येच गचके खात तुटायचा. ही सोय बोलण्यासाठी केलेली असते. सलग टिकणारा सूर तिला नको असलेला आवाज वाटतो आणि ती तो कापून टाकते. साउंड सेटिंगमधली सगळी ‘एन्हान्समेंट’ बंद केली आणि गिटार पूर्ण ऐकू येऊ लागली. इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजच्या साउंड सेटिंगला बगल देणारं सॉफ्टवेअर) वापरला की ही कापाकापी सहसा वाटेत येतच नाही. सॅम्पल रेटही (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) इंटरफेस आणि सॉफ्टवेअर दोन्हीकडे सारखाच ठेवा. ४४,१०० वर रेकॉर्ड केलेलं ४८,००० समजून वाजलं, तर सूर जवळजवळ दीड सेमीटोन वर जातो.

वाजवलेलं उशिरा ऐकू येत असेल तर बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवायचे नमुने) कमी करा. ४८,००० ला २५६ सॅम्पल म्हणजे एका दिशेने साधारण ५.३ मिलिसेकंद. डायरेक्ट मॉनिटर (इंटरफेसमधूनच थेट ऐकायची सोय) चालू असेल तर सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येतो.

गुणगुण मात्र इंटरफेसने गेली नाही. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबते, म्हणजे भानगड वीजपुरवठ्याच्या किंवा ग्राउंडच्या बाजूची आहे. सध्या मी बॅटरीवरच रेकॉर्ड करतो. कीबोर्ड जोडल्यावर ग्राउंड लूप होत असेल (दोन उपकरणं दोन वाटांनी ग्राउंडला जोडली जाऊन गुणगुण येत असेल), तर ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलमधला ग्राउंड तोडायचं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि इनपुटच्या मधे लावायची छोटी डबी, कामाला येतो. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा उपाय कोणी सुचवला तरी अजिबात करू नका, जिवावर बेतू शकतं. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गुणगुण वेगळी. गिटार घेऊन जागेवरच थोडं वळलं की ती कमी-जास्त होते. स्क्रीनपासून लांब बसा.

माझ्या दोन तक्रारी आहेत. गेनचा नॉब शेवटच्या टप्प्यात एकदम उसळतो. आणि यूएसबी हबमधून लावलं की मध्येच आवाज तुटतो, त्यामुळे इंटरफेस थेट कॉम्प्युटरच्याच पोर्टला लागतो. फक्त कीबोर्ड रेकॉर्ड करायचा असेल आणि डेस्कटॉपला निळा जॅक असेल, तर आधी त्यावर करून बघा, बहुतेक भागेल. पॅसिव्ह पिकअपची गिटार असेल तर मी इंटरफेसच घ्यायला सांगेन, आणि घेताना प्रत्येक इनपुटला स्वतःचा दिवा आहे ना, एवढं बघून घ्या.