ॲडजस्टेबल अप्पर आर्म, सात महिने: कोन बसला, नट बसेना

परवा रात्री मिशिगनच्या आय-96 हायवेवरून घरी येताना सीटखाली पुन्हा ती थरथर सुरू झाली आणि गाडीखाली न जाताच मला कळलं, एप्रिलमध्ये बसवलेल्या ॲडजस्टेबल अप्पर आर्मचा (मागच्या ॲक्सलला वरून धरणारा, लांबी बदलता येणारा दांडा) लॉकनट सुटलाय. तिसऱ्यांदा. म्हणून आज त्याचा रिव्ह्यू लिहायला बसलो. नाहीतर मे महिन्यातच पाच तारे देऊन मोकळा होणार होतो.

गाडी 2011 ची मस्टँग जीटी, मॅन्युअल, 3.73 चं डिफरन्शियल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 3.73 फेरे. मागच्या सलग ॲक्सलला खाली दोन आर्म, वर मधोमध एक आखूड आर्म, हे तुम्हाला माहीतच असेल. गेल्या वर्षी मी स्प्रिंगा बदलून गाडी इंचभर खाली घेतली आणि गिअरबॉक्सचा जोर मागच्या ॲक्सलला नेणारा कंपनीचा दोन तुकड्यांचा शाफ्ट, सेंटर बेअरिंगसकट, काढून ॲल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट टाकला. कुठल्या मुहूर्तावर टाकला कोण जाणे. ताशी 65 मैलांपर्यंत गाडी लोण्यासारखी. 70 ओलांडले की आरशात मागच्या गाडीचे दोन दिवे चार दिसायचे. आणि मिशिगनमध्ये बहुतेक फ्रीवेंची मर्यादाच 70, म्हणजे रोजचं मरण.

आधी फोनवर कंप मोजायचं फुकट ॲप टाकलं. 72 मैलांच्या वेगाला सेकंदाला 13 च्या आसपास ठोके दिसले. हिशेब केला: 27 इंची टायर त्या वेगाला सेकंदाला साधारण 15 वेळा फिरतो. जवळच आहे की! दोनदा टायर बॅलन्स करून घेतले. फरक शून्य. मग लक्षात आलं, माझा फोन सेकंदाला मोजतोच मुळात 100 वेळा. शाफ्ट त्या वेगाला सेकंदाला 57 वेळा फिरतो, आणि शाफ्टच्या टोकांचे जॉइंट वाकड्यात फिरले की येणारा कंप एका फेऱ्यात दोनदा येतो, म्हणजे 113 च्या पुढे. 100 वेळा मोजणाऱ्या फोनच्या दोन मोजण्यांमध्ये एक अख्खा ठोका निसटतो, त्याला 113 हे 13 म्हणून दिसणार! टायरवाल्याला दिलेले 80 डॉलर मी अजून विसरलेलो नाही.

दरम्यान इचलकरंजीला काकांना फोन केला होता. त्यांचं ट्रकचं गॅरेज. "काय रं, क्रॉस बघितलास का? क्रॉसच गेला असणार." शाफ्ट नवा, त्याच्या टोकांच्या जॉइंटमधले क्रॉस नवे, तरी काका म्हणाले म्हणून दोन्ही बदलले. जुने काढून बोटावर फिरवून पाहिले, चकचकीत. आणखी 60 डॉलर पाण्यात.

खरं दुखणं पिनियनच्या, म्हणजे शाफ्ट ज्याला फिरवतो त्या डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरच्या, कोनात होतं. वाकड्यात फिरणारा क्रॉस सारख्या वेगानं फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन दुप्पट झाला की हा हिसका चौपट. पुढच्या क्रॉसचा हिसका मागच्यानं खाऊन टाकायचा, तर गिअरबॉक्सचा आउटपुट आणि पिनियन एकमेकांना समांतर हवेत. पण ॲक्सिलरेटर दाबला की पिनियन क्राउनवर, म्हणजे समोरच्या मोठ्या गिअरवर, चढायला बघतो, त्याचं नाक वर उठतं. म्हणून उभ्या गाडीत नाक समांतरपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवायचं, जोर लागला की आपोआप जागेवर येतं. शाफ्ट आणि पिनियन अगदी सरळ रेषेतही नकोत. क्रॉसमधले सुईबेअरिंग जागचे हलले नाहीत तर तिथेच खड्डे पाडतात.

तर हा आर्म. 190 डॉलर, मधला दांडा फिरवून लांबी कमी-जास्त होते, एका बाजूला सरळ आटे, दुसऱ्या बाजूला उलटे, आणि लावलेली लांबी पक्की धरायला दोन्हीकडे एकेक लॉकनट. एप्रिलमध्ये बसवला, ॲक्सल लटकवून 30 डॉलरच्या कोन मोजायच्या चुंबकी गेजनं पिनियनचं नाक दीड अंश खाली लावलं आणि ऐटीत हायवेला गेलो. थरथर आधीपेक्षा जास्त! रागाच्या भरात एका ताऱ्याचा मजकूर लिहूनही ठेवला होता. तो पाठवण्याआधी काकांना सांगितलं, तर म्हणाले, "चाकावर उभी करून मोजलास का लटकवून?" लटकवून. चारी चाकं रॅम्पवर चढवून मोजलं तेव्हा दीडाचे चार अंश झालेले. दांड्याच्या एका फेऱ्याला माझ्या गाडीत पाऊण अंश बदलतो. सव्वातीन-साडेतीन फेऱ्यांत काम झालं. क्रॉसचे 60 डॉलर काकांना माफ.

त्यानंतरचे पाच हजार मैल मात्र काय सांगू. 80 ला कपातली कॉफी हलत नाही. ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर वेग कमी करताना 70 ते 62 च्या दरम्यान बारीक गुणगुण येते, कारण तेव्हा नाक उलट खाली जातं. ती राहणारच. जुन्या आर्मबरोबर त्याचा कंप शोषणारा रबरी बुश गेल्यामुळे डिफरन्शियलची घरघर आत ऐकू येते. बायको म्हणते मागे कुणीतरी मिक्सर लावलाय. मला आवडते.

पण तो लॉकनट! पहिल्यांदा सुटला तेव्हा चूक माझी: दोन्ही नट आपापल्या टोकाकडून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं आवळले, म्हणजे उलट्या आट्यांचा होता तो आवळायच्या ऐवजी सैल केला. कबूल. दुसऱ्यांदा मात्र टॉर्क पान्यानं, थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारं द्रव) लावून आवळला होता. काढून पाहिला तर नटाचे आटे इतके ढिले की हातानं धरून डुगडुगतो. सरळ आट्यांचा तसा नाही. विकणाऱ्याला फोटो, व्हिडिओ, बिल, सगळं पाठवलं. त्यांचं उत्तर: हा भाग फक्त रेसिंगसाठी, रस्त्यावरच्या वापराला वॉरंटी नाही. अहो, मी आर्म बदलून मागतच नाही, एक नट मागतोय! अकरा ईमेल झाले. अकराव्यात त्यांनी मला पुढच्या खरेदीवर पाच टक्के सूट दिली.

परवा तो तिसऱ्यांदा सुटला, तेव्हा शेवटी नट स्वतःच शोधला. पाऊण इंची, उलट्या आट्यांचा, तिसऱ्या दुकानात मिळाला, 3 डॉलर 80 सेंट. काल बसवला आणि नट-दांड्यावर मिळून बायकोच्या गुलाबी नेलपॉलिशची रेघ ओढली. रेघ तुटली की समजायचं फिरला. रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ पडायच्या आत गाडी झाकून ठेवतो, त्यामुळे एप्रिलपर्यंत रेघेचं काही कळणार नाही. तोवर तीन तारे. कापलेल्या दोनपैकी एक नटाचा, एक त्या पाच टक्क्यांचा.