पॉप-अप कॅम्पर: कापडी भिंती की घडीच्या पक्क्या?
पॉप-अप कॅम्पर म्हणजे पिकअपवर बसवलेली, छप्पर वर उचलता येणारी राहायची छोटी खोली. घरी बनवलेल्या अशा कॅम्परचं छप्पर उचललं की मधली मोकळी जागा कशाने झाकायची, इथेच अर्धं डिझाइन ठरतं. कॅनव्हास हलका असतो आणि छपरासोबत सहज मिटतो. थंडीत मात्र आतून ओल धरते, आणि ओलाच मिटून ठेवला तर बुरशी येणारच.

फोम-प्लायवूडच्या घडीच्या भिंती ऊब धरतात, वाऱ्यात फडफडत नाहीत. त्यांची खरी कसोटी घडीत लागते: सगळ्या बिजागऱ्या एकाच पातळीत बसवल्या तर भिंती एकमेकींवर सपाट बसत नाहीत. म्हणून समोरासमोरच्या भिंतींपैकी एका जोडीच्या बिजागऱ्या निदान भिंतीच्या जाडीएवढ्या वर घ्याव्या लागतात. शिवाय प्रत्येक फटीला रबरी पट्टी हवी. वजनही वाढतं, तेही उंचावर. वळणावर गाडी जास्त झुकते.

पहिलाच कॅम्पर असेल तर मी कॅनव्हासच निवडेन. शिवण चुकली तर उसवता येते.