गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं आमच्या वाड्याचं वायफाय: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमच्या वाड्यावरचं (म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीवरचं) सामुदायिक वायफाय आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झालं. तुमच्या गावात कोणी विचारात असेल तर जरूर करा, पण पैसे आधी खांबाच्या उंचीवर आणि अर्थिंगवर घाला, राउटरवर नंतर.

फायबर येतं ते रस्त्याकडेच्या एका घरापर्यंतच. तिथून देवळामागच्या टेकडीवर पाच गिगाहर्ट्‌झचा दुवा, म्हणजे बिनतारी जोडणी, नेलाय आणि पुढे घराघरांवरचे ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली घातलेले राउटर एकमेकांना जोडलेत. लहरींचा हा पट्टा २०१८ साली परवानामुक्त झाला, त्यामुळे त्यासाठी कोणाच्या दारात जावं लागलं नाही. इंटरनेट वाटायला केंद्र सरकारच्या पीएम-वाणी या सार्वजनिक वायफाय योजनेतून पीडीओ, म्हणजे वायफाय वाटणारं केंद्र, झालो. त्यालाही परवाना लागत नाही.

खरी परीक्षा कुळागराने, म्हणजे माड-पोफळींच्या बागेने, घेतली. मे महिन्यात झक्कास चालणारा दुवा पाऊस लागताच मान टाकू लागला. राउटर तोच, अँटेनाही तीच. फक्त माड-पोफळींची पानं भिजली होती, आणि ओली पानं या लहरी शोषतात. समोरचा खांब नुसता डोळ्यांना दिसून भागत नाही, मधल्या रेषेच्या भोवतीही मोकळीक लागते. एक किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर ती चहूबाजूंनी साधारण पावणेचार मीटर धरावी. खांब वाढवला तेव्हा कुठे दुवा स्थिरावला. मुंबई आयआयटीने पालघरच्या गावांत टीव्हीच्या प्रसारणातल्या न वापरलेल्या, रिकाम्या पट्ट्यावर प्रयोग केले होते. त्या लहरी झाडीतून बऱ्याच सहज जातात. तो पट्टा आपल्यासारख्या गावांना परवान्याविना मिळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

वेग? खांबाजवळच्या घरांत छान. दोन-तीन राउटर ओलांडून गेलेल्या घरांत संध्याकाळी व्हिडिओ अडकतो, कारण एकच रेडिओ ऐकतोही आणि पुढे पाठवतोही. दर टप्प्याला वेग निम्म्यावर येतो. ही तक्रार रास्त आहे. लांबच्या घरांसाठी दोन रेडिओंचे राउटर घ्या.

मला सर्वांत मोलाची वाटते ती दुरुस्ती. शेजारच्या वहिनी आता राउटरची पेटी उघडून दिवे बघूनच सांगतात की वीज येत नाही की दुवा तुटलाय. पेटीत मुंग्यांनी घर केलं, तेव्हा केबलची भोकं सिलिकॉनने बुजवायची त्यांनीच सुचवलं. केबल पेटीत शिरण्याआधी खाली वळसा देऊन घेतो, म्हणजे पाणी तिथेच गळून जातं. फायबर तुटलं तरी वाड्यातल्या संगणकावरचा मराठी विकिपीडिया किविक्सवरून (इंटरनेटशिवाय वाचायच्या सॉफ्टवेअरवरून) उघडतो, आणि मुलांचा अभ्यास थांबत नाही.

परतीच्या पावसात जवळच वीज पडली आणि पीओई (नेटच्या केबलमधूनच वीज पुरवणारे) अ‍ॅडॉप्टर जळाले. तेव्हापासून विजेचा झटका अडवणारे सर्ज प्रोटेक्टर बसवलेत. महिन्याच्या वर्गणीतून थोडे पैसे बाजूला काढून एक जादा राउटर आणि अ‍ॅडॉप्टर वाड्यातच ठेवा; भर पावसात फोंड्याहून आणेपर्यंत सगळी घरं खोळंबतात.