चाच्यांच्या खजिन्याची पेटी: पाच महिने वापरल्यावर

मुलांच्या खजिनाशोधाच्या खेळाची ही पेटी ऑक्टोबरात १,४५० रुपये मोजून घेतली. आत नकाशा, कोड्यांची कार्डं, नंबरचं कुलूप आणि होकायंत्र. मी सरळ होकायंत्रावर येते.

जानेवारीत सहा पोट्टे घेऊन नागपूरच्या अंबाझरी जैवविविधता उद्यानात गेले. कार्डावर लिहिलेलं, ‘उत्तरेला ४० पावलं’. पोट्टे निघाले ते थेट पाणकणसांच्या चिखलात! माझी मुलगी थांबली. ‘‘आई, यात तर सूर्य पश्चिमेला दिसतोय.’’ सकाळचे साडेसात वाजले होते. सुईचं लाल टोक दक्षिणेला होतं.

कंपनीला फोन केला, तर म्हणे, ‘‘मॅडम, तुम्ही उलटं धरलं असेल.’’ अहो, डबी कशीही फिरवा, सुई उत्तरेलाच जायला हवी! चार फोनांनंतर दुसरं आलं. महिन्याभरात तेही उलटलं.

कारण शेजारच्या सरांनी शोधलं. झाकण घट्ट बसावं म्हणून पेटीला दोन चुंबकं लावलीत आणि होकायंत्राचा खण त्यांना अगदी खेटून. सुई स्वतःच बारीक चुंबक. जवळ दांडगं चुंबक राहिलं की तिचे ध्रुव उलटतात. सरांनी जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवून ती सरळ करून दिली. मी झाकणाची दोन्ही चुंबकं उचकटून काढली, आता रबर लावते. इतकी साधी गोष्ट बनवणाऱ्याला कळू नये? पोरं पाण्याकाठी दिशा चुकतात, हा काय खेळ आहे?

तेव्हा एकच तारा देणार होते. आता तीन देते, ते सोबतच्या दहा कोऱ्या कार्डांसाठी. छापील कार्डांवर शार्क आणि नारळाची झाडं. आपल्या तलावावर त्यांचं काय काम? वर चाच्यांच्या यादीत कान्होजी आंग्रे! ते मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, म्हणून आपणही म्हणायचं? ते कार्ड मी फाडलं.

कोऱ्या कार्डांवर मी आपली कोडी लिहिली. वारकरी पक्ष्याच्या कपाळावर कोणता रंग? कमळपक्ष्याची बोटं एवढी लांब कशाला? अंबाझरीचं पाणी नाग नदीतून पुढे कोणत्या नदीला मिळतं? टिबुकली या पाणपक्ष्याचं कोडं सगळ्यांत भारी ठरलं: बुडी मारली, आता वर कुठे येईल? घरात दोन मिनिटं न बसणारा माझा भाचा गोरेवाडा तलावाच्या काठावर श्वास रोखून उभा होता. ती वर आली तेव्हा त्यानं ओरडायच्या आधी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

घेणार असाल तर पेटी उघडल्याबरोबर होकायंत्र बाहेर काढा. आमचं दोरीला बांधून मुलीच्या गळ्यात असतं.