राखाडी रंगाचे २,३५,००० रुपये

जुने ट्रॅक्टर जमवणाऱ्यांनी, आणि 'पोर्तुगीज काळातला माल' एवढं ऐकलं की ज्यांचा हात खिशाकडे जातो अशा सगळ्यांनी हे वाचावं. जुना म्हणून घेतलेल्या एका बनावट ट्रॅक्टरात माझे २,३५,००० रुपये गेले. २५,००० यूपीआयने आगाऊ, २,१०,००० रोख, विकणाऱ्याच्याच ओसरीवर बसून मोजून दिलेले. पेडण्याहून फोंड्याला ट्रकने आणायचे ११,५०० वेगळे. पैसे कमरेला लावताना तो "देव बरें करूं" म्हणाला, ते अजून कानात बसलंय.

जाहिरात अशी होती: १९५२ चा फर्ग्युसन टीई-२०, इथल्या एका भाटकाराने (जमीनदाराने) लिस्बनमार्गे मागवलेला, तेव्हापासून एकाच घरात, चालू स्थितीत. नोंदणी नाही, कारण 'शेताबाहेर कधी पडलाच नाही'. पुरावा म्हणून पोर्तुगीज भाषेतला पिवळा पडलेला कागद. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. कोल्हापूरचं गिऱ्हाईक उद्या येतंय, वगैरे.

आता ज्याने माझी झोप उडवलीय ते सांगतो. डॅशवरच्या पाटीवर 'टीई-ए' होतं. 'ए' म्हणजे पेट्रोल, डिझेलवर 'टीई-एफ' असतं. मला हे पाठ आहे हो! आणि समोर यंत्र डिझेलचा काळा धूर ओकतंय. मी विचारलंही. "पेट्रोल परवडेना म्हणून मागाहून डिझेल इंजिन बसवलं, बाब." आता यात न पटण्यासारखं काय होतं? गोव्यात कसल्या कसल्या जीपांना कसली कसली इंजिनं बसवलेली आपण पाहिलेली नाहीत का? टीई-२० चा स्टार्टर गिअरच्या दांड्यातच असतो, दांडा 'एस'वर नेला की इंजिन सुरू. इथे डॅशवर साधं बटण. "स्विच गेला, मेकॅनिकाने बटण दिलं." तेही पटलं. सुटं सुटं घेतलं तर त्याचं एकही उत्तर खोटं वाटत नव्हतं.

पण दांडे दोन होते. टीई-२० ला पुढचे गिअर चार आणि दांडा एकच. हाय-लोचा, म्हणजे जलद-संथ गिअर निवडायचा, दुसरा दांडा फर्ग्युसनच्या नंतरच्या '३५' मॉडेलवर आला. इंजिन बदललं म्हणून गिअरबॉक्सवर नवा दांडा उगवत नाही. त्या दिवशीचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी सीटवर बसून हसतोय आणि माझा डावा हात त्याच दुसऱ्या दांड्यावर आहे.

घरी धुवायला पंपाने पाणी मारलं तर मडगार्डच्या आतून राखाडी रंगाचे पोपडे सुटले, खाली लालभडक. टीई-२० कारखान्यातूनच राखाडी यायचा. मेकॅनिकाने स्क्रू-ड्रायव्हरने इंजेक्टर मोजले (दर सिलिंडरला एक असतो), एक, दोन, तीन. "दादा, हा तर आपला टॅफेचा १०३५. टीईला चार सिलिंडर." टॅफे कंपनीच १९६० ची, मग १९५२ साल कुठलं? पुढची चाकं १६ इंची, टीईची १९ इंची आणि अरुंद असतात. टेप घेऊन जा, लाजू नका. पाटीचे रिव्हेट बघा, माझ्या पाटीचे कोरे करकरीत होते. अशा पाट्या नव्या विकत मिळतात. मेकॅनिकाच्या मते चाकं धरून याचे ९०,००० येतील. आणि तो पिवळा कागद शेजारच्या आजोबांनी वाचून दाखवला, नारळांच्या लिलावाची पावती निघाली.

मग पोलीस. आमच्याकडचे म्हणाले, व्यवहार तिथे झाला, तिथे जा. तिथले म्हणाले, ट्रॅक्टर तुमच्या दारात उभा आहे, चालू आहे, मग फसवणूक कसली? तुम्ही स्वतः बघून घेतलात. दिवाणी मामला आहे, वकील गाठा. मी म्हटलं, बनावट पाटी ठोकून विकणं हा दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? साहेबांनी मान वर केली नाही, हवालदाराला चहा सांगितला. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो हेही सांगून बघितलं, तर "शिकलेले दिसता" एवढं उत्तर मिळालं. लेखी अर्जाची पोचसुद्धा भांडून घ्यावी लागली. ती घ्याच, तिच्याशिवाय वर अधीक्षकांकडे टपालाने तक्रार पाठवताना हातात काही नसतं. वाहतूक कार्यालयात चासी नंबरवरून मूळ मालक शोधून द्या म्हटलं, तर उलट मलाच प्रश्न, नोंदणी नसलेलं वाहन आणलंतच कसं? म्हणजे चोर ओसरीवर आणि दंडाची भीती मला! उद्या हा कुणाचा चोरीचा निघाला तर जप्तीही माझ्याच अंगणातून होणार.

रोख देऊ नका. देणारच असाल तर मेक, मॉडेल, साल आणि चासी नंबर लिहून सही घ्या. माझ्याकडे फक्त २५,००० ची यूपीआय नोंद आहे, तिच्यावर त्याने शेरा लिहायला लावला, 'भंगार'. तेव्हा वाटलं, टॅक्ससाठी असेल.

सध्या त्याच माणसाची नवी जाहिरात फिरतेय: निळा फोर्डसन मेजर, ३,४०,०००, पोर्तुगीज काळातला, कागद नाहीत. जाणार असाल तर सोबत मेकॅनिक न्या, त्याच्या ओळखीचा नको, तुमच्या.