ओपीएनसेन्स फायरवॉल: सहा महिने वापरून, आणि एचटीटीपीएस उघडून बघायचं खूळ सोडून

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे, ऑफिस आणि डिझाइन धरून 35 कॉम्प्युटर, आणि नेटचं सगळं माझ्या गळ्यात. आधी एका नावाजलेल्या कंपनीचा फायरवॉलचा डबा होता (ऑफिस आणि नेटच्या मध्ये बसून ये-जा तपासणारा), नाव घेत नाही, दरवर्षी लायसन रिन्यू करायची वेळ आली की मालकांच्या कपाळावर आठ्या, म्हणून मग एका जुन्या पीसीत इंटेलचं दोन पोर्टचं सेकंडहँड कार्ड टाकून ओपीएनसेन्स बसवलं. फुकट आहे, फ्रीबीएसडी नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं, 2015 ला पीएफसेन्स या दुसऱ्या फायरवॉलमधून वेगळं निघालेलं. आपल्याकडचा मे महिना बिनएसीच्या खोलीत काढलाय त्याने, एकदाही बंद पडलं नाही, तेवढ्यावरच माझे अर्धे मार्क देऊन झाले. मी फक्त एचटीटीपीएसचं, म्हणजे साइटशी होणारं बोलणं कुलूपबंद करून नेण्याच्या पद्धतीचं लिहितो, कारण त्यातच माझे पंधरा दिवस गेले.

मालक म्हणाले, "कामाच्या टायमाला कोण काय बघतंय ते मला दिसलं पाहिजे." आता जवळपास सगळ्या साइट 443 नंबरच्या पोर्टवर टीएलएस नावाच्या त्या कुलपात गुंडाळून येतात, मधल्या फायरवॉलला आतलं काय दिसणार? बघायचंच असेल तर फायरवॉलने मध्ये बसून प्रत्येक साइटचं स्वतःच्या सहीचं सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) बनवून ब्राउझरला द्यायचं, आणि ब्राउझरने ते खरं मानावं म्हणून आपलं रूट सर्टिफिकेट, म्हणजे त्या सहीचं मूळ, एकेका कॉम्प्युटरवर जाऊन टाकायचं. ओपीएनसेन्समध्ये हे स्क्विडच्या (मध्ये बसून ट्रॅफिक पुढे पाठवणारा प्रोग्राम) प्लगइनने होतं. सही करणारी ऑथॉरिटी बनवा, एसएसएल इन्स्पेक्शनवर टिक करा, 443 चा ट्रॅफिक स्क्विडच्या 3129 पोर्टवर वळवा, झालं. मी हौसेने सगळ्यांना लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी अकाउंटच्या मॅडम, "ओ सर, बँकेचं पान उघडंना, पगार टाकायचेत आज." चूक माझीच, बँकेचं कनेक्शन असं मध्ये बसून उघडायचंच नसतं, ती साइट 'नो बम्प' (न उघडायच्या साइटच्या) यादीत घालायची असते, आणि तिथेही डोमेनच्या आधी टिंब दिलं नाही तर सबडोमेन यादीच्या बाहेरच राहतात, त्यात माझा अजून एक तास. तोवर वायफायवरच्या मोबाइलची बोंब सुरू, कारण अँड्रॉइड 7 पासून अ‍ॅप्स आपण हाताने टाकलेलं सर्टिफिकेट धरतच नाहीत, काहींनी तर स्वतःच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट आतच पक्कं केलेलं असतं. दुपारपर्यंत यादी एवढी वाढली की तपासायचं काय उरलं तेच कळेना, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप ते यूट्यूब मात्र क्रोममध्ये मस्त चालू!

ते का, तर क्रोम यूट्यूबशी क्विक नावाच्या नव्या पद्धतीने बोलतो, ते यूडीपी 443 वर, आणि मी वळवलं होतं फक्त टीसीपी (नेटवर डेटा पाठवायच्या या दोन वेगळ्या पद्धती). लॅनवर (ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर) यूडीपी 443 ब्लॉकचा एक रूल टाकला की ब्राउझर गुपचूप टीसीपीवर येतो, नेट बंद पडत नाही. हे सेटिंगच्या त्या पानावर कुठे लिहिलेलं नाही, अर्धा स्टार इथे कापला.

शेवटी 'लॉग एसएनआय इन्फॉर्मेशन ओन्ली' वर टिक केली आणि शांत झालो. कनेक्शनच्या पहिल्या मेसेजमध्ये साइटचं नाव उघडं जातं, तेच एसएनआय, स्क्विड तेवढंच वाचतो आणि बाकी ट्रॅफिक जसाच्या तसा सोडतो. गाठ न सोडता वरचा मार्का वाचल्यासारखं. यूट्यूब उघडलं हे कळतं, कुठला व्हिडिओ ते नाही, आणि मला विचाराल तर ते कळायची गरजही नाही. ब्लॉक करायचं काम अनबाउंडच्या डीएनएस ब्लॉकलिस्टला दिलं (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणं, ते फायरवॉलवर अनबाउंड करतो), फक्त ब्राउझरमधलं सिक्युअर डीएनएस, जे हा पत्ता परस्पर बाहेर विचारतं, ते पॉलिसीने बंद करायला विसरू नका, नाहीतर पोरं हुशार असतात. मोबाइलना वेगळं वायफाय, तिथे काहीच तपासत नाही.

हे पण कायमचं नाही म्हणा. टीएलएस 1.3 मध्ये, 2018 चं ते, सर्व्हरचं सर्टिफिकेटही झाकून येतं, आणि ईसीएच, म्हणजे तो पहिला मेसेजही झाकायची पद्धत, काही ठिकाणी आलीच आहे, ती सगळीकडे आली की ते नावही झाकलं जाईल. तेव्हाचं तेव्हा बघू.

मालकांना लॉग दाखवला, नुसती नावांची रांग बघून म्हणाले, "एवढंच होय?" रिपोर्ट छान रंगीत पाहिजे असेल तर त्यांच्यासाठी हे नाही, लॉग वाचायला माणूस लागतो. अजून अर्धा स्टार गेला, चार राहिले.

तुम्ही पण माझ्यासारखा पूर्ण उघडायचा प्रयोग करून मागे फिरलात तर रूट सर्टिफिकेट कॉम्प्युटरवरून काढा बरं का, त्याची चावी त्या जुन्या पीसीत पडलेली असते आणि ती ज्याच्या हातात गेली तो आपल्या माणसांना कुठल्याही बँकेचं खोटं पान खरं म्हणून दाखवू शकतो. माझी 31 झालीत, डिझाइनचे चार राहिलेत, सुट्टीच्या दिवशी जाऊन काढतो.